स्क्रंची, रिबन, हेअरबँड: गोव्याच्या दमट हवेत कसे जपायचे आणि टाकायचे कधी

ताई, तुम्ही चार गोष्टी एकदम विचारल्यात. रोजच्या स्क्रंच्या, म्हणजे चुण्यांच्या कापडात इलास्टिक घातलेले केसांचे बँड, थोड्याच महिन्यांत ढिल्या पडतात आणि पावसात त्यांना कुबट वास येतो, मुलीच्या वेल्वेटच्या बोवर पांढरी बुरशी धरली, आजीच्या रेशमी साडीच्या काठाचा हेअरबँड आहे तो धुवावा की नको, आणि यातलं काय कधी टाकून द्यायचं. मी म्हापशात शिवणकाम करते, ब्लाउज-ड्रेसच्या उरलेल्या कापडातून स्क्रंच्या, बो, हेअरबँड शिवून देते आणि जुने दुरुस्तीलाही येतात, त्यामुळे हे सगळं रोज हाताखालून जातं. सविस्तरच लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की लोक चांगली वस्तू टाकतात आणि टाकायची ती वापरत बसतात.

आधी एक गोष्ट पक्की करा, स्क्रंचीत दोन वेगळे माल असतात, बाहेरचं कापड आणि आतलं इलास्टिक, आणि दोघांचं आयुष्य सारखं नसतं. चांगलं कॉटन किंवा सॅटिन वर्षानुवर्षं टिकतं, इलास्टिक त्याच्या कितीतरी आधी जातं. तुम्ही म्हणता स्क्रंची गेली, तेव्हा दहातल्या बहुतेक वेळा फक्त इलास्टिक गेलेलं असतं आणि कापड ठणठणीत असतं. म्हणून प्रश्न दोन विचारायचे: कापड कसं आहे, आणि इलास्टिक कसं आहे. वेगवेगळे.

इलास्टिक कसं मरतं ते एकदा डोळ्यांनी बघा. एखादी अगदी ढिली झालेली जुनी स्क्रंची घ्या, तिची जोडाची जागा असते ना, जिथे कापड आत दुमडून वरून टीप मारलेली असते, तिथे दोन बोटं उसवा आणि आतलं इलास्टिक बाहेर ओढा. नवं असतं तेव्हा पांढरं, चपटं, ओढलं की चटकन परत येणारं. जुनं निघतं ते पिवळसर, मध्येच पातळ, मध्येच फुगलेलं, कधी हाताला चिकट लागतं, आणि ओढलं की आतून बारीक करकर आवाज येतो, तो आतल्या रबराचे धागे तुटल्याचा. खोबरेल तेलाचा वास तर असतोच. साध्या इलास्टिकमध्ये रबराचे बारीक धागे असतात आणि त्यांच्याभोवती पॉलिस्टरचा किंवा सुताचा गोफ विणलेला असतो. रबराचे शत्रू म्हणजे तेल, उष्णता, कडक ऊन आणि हवा. तेल रबरात मुरतं, रबर फुगतं, मऊ होतं आणि ताण सोडतं. आपल्याकडे रात्री डोक्याला तेल चोपडून त्याच स्क्रंचीने अंबाडा घालून झोपायचं आणि सकाळी तीच लावून कामाला जायचं ही पद्धत घरोघरी आहे, आणि स्क्रंच्या लवकर जायचं सगळ्यात मोठं कारण हेच. तेल लावायला माझी काही हरकत नाही, पण तेलाच्या रात्रीसाठी एक जुनी सुती स्क्रंची किंवा सरळ सुती कापडाची पट्टी वेगळी ठेवा.

दुसरं म्हणजे एकच स्क्रंची रोज वापरू नका. तीन-चार आळीपाळीने वापरा. ताणलेल्या इलास्टिकला मूळ लांबीला यायला सवड लागते आणि घामाने ओली झालेली पूर्ण वाळायलाही. बाहेरचं कापड हाताला कोरडं लागतं पण आत चुण्यांमध्ये ओल तशीच असते. त्यात आपली हवा. जून ते सप्टेंबर घरात मीठ सुटं राहत नाही, तिथे चुण्या घातलेल्या कापडाची नळी आपोआप वाळेल ही आशाच सोडा. म्हणून माझ्या मते गोव्यात धुण्यापेक्षा वाळवणं जास्त महत्त्वाचं. कुबट वास बहुतेक वेळा मळाचा नसतो, ओल राहिलेल्या मळाचा असतो.

आता धुवायचं कसं. रोजच्या वापरातली स्क्रंची उन्हाळ्यात, म्हणजे मार्च ते मेच्या घामात, तीन-चार वेळा वापरली की धुवावी, एरवी आठवड्याला एकदा पुरे. हेल्मेटखाली लावायचा हेअरबँड मात्र रोज, कारण स्कूटरवरून पर्वरीपर्यंत जाऊन आलात तरी तो ओलाचिंब झालेला असतो आणि हेल्मेटच्या आतल्या फोमचा मळही तोच शोषतो. व्यायामाच्या बँडलाही तेच.

साबण सौम्य घ्या. केसांचं तेल काढायला केसांचाच शाम्पू सगळ्यात बरा, तो त्याच कामासाठी केलेला असतो. अर्धी बादली साधं पाणी, चमचाभर शाम्पू, दहा-पंधरा मिनिटं भिजवा, मग चुण्या उघडून उघडून आतल्या घडीवर बोटाने चोळा कारण तेल आणि कोंडा तिथेच दडतो. अडकलेले केस पाण्यात टाकायच्या आधी काढा, ओले झाले की ते कापडात आणखी रुततात. फार तेलकट सुती स्क्रंची असेल तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब शिवणीजवळ लावून ठेवा, निघतं. कपड्याच्या मशीनमध्ये टाकायची असेल तर जाळीच्या पिशवीतून, थंड पाण्यात. कडक गरम पाणी नको आणि ब्लीच तर अजिबातच नको, क्लोरीनचं ब्लीच रबरालाही खातं, लायक्रालाही आणि रेशमाला तर पार कामातून घालवतं. ज्यांच्या मुली पोहायला जातात त्यांनी हे लक्षात ठेवा, स्विमिंग पूलच्या पाण्यात क्लोरीन असतं, तिथून आल्यावर बँड लगेच साध्या पाण्यात खळबळून काढायचा. समुद्राचंही तसंच, मिरामारला किंवा मोरजीला भिजून आलात आणि स्क्रंची तशीच पर्समध्ये टाकली की मीठ सुकून त्याचे कण धाग्यांत बसतात, केसांना खरखरीत लागतात, आणि मीठ हवेतली ओल ओढत राहतं म्हणून ती कधी नीट वाळतच नाही.

पिळायचं नाही. पिळल्याने इलास्टिक आत उलटंपालटं होतं आणि मग स्क्रंची एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक अशी बसते. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पाणी टॉवेल घेतो. मग चुण्या हाताने पसरवून जाळीवर किंवा दांडीवर सैल टाका, सावलीत, वारा लागेल असं. खुंटीला इलास्टिकवर ताण देऊन अडकवू नका. पावसात पंख्याखाली, शक्यतो संध्याकाळी धुवून रात्रभर पंखा मिळेल अशा जागी. गॅसच्या वर बांधलेल्या दोरीवर वाळत घालतात बऱ्याच ठिकाणी, ते टाळा, उष्णतेने रबर जातं आणि कापडाला फोडणीचा वास लागतो तो वेगळाच. वाळली की नाही हे ओळखायला स्क्रंची मुठीत आवळून गालाला लावा, थंड लागली तर आत ओल आहे.

आणि ओल्या केसांना कापडी काहीही बांधू नका. ओला केस तसाही नाजूक असतो, ताणला की लवकर तुटतो, आणि तिथे दोन-तीन तास ओलं कापड दाबून ठेवलं की डोक्याला खाज आणि कापडाला वास दोन्ही येतात.

रंगाचं सांगते, कारण त्यावरून भांडणं होतात. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडल रॉड्रिक्स यांनी इथल्या कुणबी साडीला परत मान मिळवून दिला, त्या लाल चौकडीच्या कापडाच्या स्क्रंच्या, बो आता मुली हौसेने घालतात. लाल रंग पहिल्या काही धुण्यात सुटू शकतो. नवी वस्तू घेतली की पांढरं ओलं फडकं कोपऱ्यावर चोळून बघा, रंग आला तर वेगळी धुवा आणि भिजत ठेवू नका, घामाच्या दिवसांत पांढऱ्या कॉलरच्या ड्रेसवर घालू नका. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की रंग पक्का होतो असं सगळ्याच सांगतात. कापड रंगवताना मीठ कामाला येतं हे खरं, पण रंगवून झालेल्या कापडाचा सुटता रंग नुसत्या मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने भरवशाने पक्का होत नाही. दोन-तीन वेळा थंड पाण्यात धुवून जादाचा रंग काढून टाकणं हाच उपाय.

सॅटिन म्हणून जे बाजारात मिळतं ते बहुतेक पॉलिस्टर असतं. सॅटिन ही विणायची पद्धत, ती रेशमाची पण असते आणि पॉलिस्टरची पण. दुकानदार प्युअर सिल्क म्हणाला आणि तुम्हाला शंका आली तर शिवणीच्या आतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघा, खाली स्टीलची ताटली ठेवून. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि काळी राख बोटाने चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी तयार होतो. हे बघायचं अशासाठी की पॉलिस्टर सॅटिन बिनधास्त धुता येतं, रेशमाचं तसं नाही, त्याचं खाली येतंच.

आता वेल्वेटचा बो. पांढरी बुरशी वरवर असेल तर आशा आहे. ती घरात झटकू नका, गॅलरीत किंवा अंगणात जा, तोंडावर रुमाल बांधा आणि मऊ कोरड्या ब्रशने लवेच्या दिशेने झाडा. मग ऊन पडलं असेल तर तासभर कोवळ्या उन्हात, नाहीतर पंख्याखाली. बो धुता येतो का हे तो कसा जोडलाय त्यावर. मागे बघा, टाके दिसले तर शाम्पूच्या पाण्यात हलक्या हाताने धुवा. गोंदाने चिकटवलेला असेल तर भिजवू नका, गोंद सुटतो किंवा कापडावर पिवळा डाग येतो, फक्त ओलसर फडक्याने टिपून घ्या. वेल्वेटवर इस्त्री कधीच फिरवू नका, लव चपटी होऊन चकाकते आणि पॉलिस्टरची असेल तर वितळून तशीच बसते, परत उभी राहत नाही. दाबली गेली असेल तर उकळत्या पाण्याच्या वाफेवर उलटी बाजू धरा आणि ब्रशने लव उभी करा. पण बुरशीचे काळे ठिपके आत धाग्यात उतरले असतील तर ते जात नाहीत. पांढऱ्या सुती रिबनवर ऑक्सिजनवाल्या डागकाढ्याने थोडे फिके होतात, वेल्वेटवर नाही. ठिपके आणि धुवून वाळवल्यावरही वास, दोन्ही असेल तर टाका. लहान मुलीच्या डोक्याला ते कशाला लावायचं.

शाळेच्या रिबनी सोप्या. नायलॉनची किंवा पॉलिस्टरची रिबन आठवड्याला धुवा, ओली असतानाच स्टीलच्या डब्यावर ताणून गुंडाळून ठेवा, इस्त्री लागत नाही. टोकाचे धागे सुटायला लागले की तिरकं कापा आणि पेटत्या उदबत्तीचं टोक कडेला ओझरतं लावा, कड वितळून बंद होते. सुती किंवा रेशमी रिबनला हे करू नका, ती जळते, तिथे बारीक दुमड घालून टाका मारायचा. रिबनीवर गाठीच्या जागी पांढरट चिरा किंवा विरलेला पट्टा दिसला की तेवढा तुकडा कापून टाका, उरलेला लहान बो करायला होतो.

क्लिपांचा गंज हा आपल्या खाऱ्या हवेचा खास त्रास. बोच्या मागच्या चिमट्यावर तांबूस ठिपका दिसला की थांबू नका, गंज कापडावर उतरतो, केसांवर उतरतो आणि चिमट्याचे दात खरखरीत होऊन केस तोडतात. चिमटा बदलायला फार खर्च नाही, म्हापशाच्या बाजारात शिवणसामानाच्या दुकानात सुटे मिळतात, बो सोडवून नव्यावर दोन टाके घालून बसवायचा. पांढऱ्या सुती कापडावर उतरलेला गंजाचा डाग लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवला की फिका होतो, मग भरपूर पाण्याने धुवा. रंगीत, रेशमी, जरीच्या कापडावर लिंबू लावू नका.

चवथीच्या दिवसांत आणि लग्नसराईत आणखी एक होतं, अबोलीची फाती म्हणजे माळ किंवा मोगऱ्याचा गजरा स्क्रंचीवरच गुंडाळतात. फुलांवर पाणी मारलेलं असतं, कापड भिजतं आणि चुरगळलेल्या मोगऱ्याचे तपकिरी डाग पडतात. आधी साध्या काळ्या रबराने अंबाडा बांधा, गजरा त्याला पिनांनी लावा, कापडी बो दुसऱ्या बाजूला. रात्री गजरा काढला की डाग लगेच थंड पाण्याने धुवा, सकाळपर्यंत ठेवलात तर पक्का होतो.

ठेवायचं कुठे, तर हवाबंद डब्यात पूर्ण कोरडं असेल तरच, नाहीतर उघड्या टोपलीत किंवा सुती पिशवीत. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा. बाथरूममध्ये दरवाजामागच्या खुंटीवर ठेवतात ती सगळ्यात वाईट जागा. डांबराच्या गोळ्या मुलांच्या वस्तूंत टाकू नका, त्यांची वाफ लहानग्यांना बरी नाही, गोळी तोंडात गेली तर विषबाधा होते, आणि प्लास्टिकचे मणी-टिकल्या त्यांनी चिकट होतात. खळ घातलेले सुती बो असतील तर पावसाळ्याआधी खळ धुवून ठेवा, कसर खळीवर येते.

आता टाकायचं कधी. इलास्टिकची परीक्षा सोपी, स्क्रंची दुपटीएवढी ताणा, मनात पाच मोजा, सोडा. मूळ मापाला आली तर ठीक. आली नाही, किंवा ताणताना करकर वाजली, किंवा पूर्वी दोन वेढे पुरत होते तिथे आता तीन लागतात, तर इलास्टिक बदला. हा तिसरा वेढा मी फार गांभीर्याने घेते. ढिल्या इलास्टिकला आपण आणखी एक वेढा देतो आणि करकचून ओढतो, आणि रोज एकाच जागी केस ओढले गेले की कपाळाकडचे, कानशिलाजवळचे केस विरळ होऊ लागतात. त्याकडे दुर्लक्ष झालं तर तिथले केस परत न येण्यापर्यंत वेळ येते. दुकानात एवढ्या-एवढ्या मुली येतात, कानशिलाजवळ पांढरी त्वचा दिसत असते, आणि आया म्हणतात वेणी घट्ट नको का. नको.

इलास्टिक घरी बदलता येतं. शिलाईसामानात पाव इंची मिळतं. विणलेलं म्हणजे निटेड मागा, गोफासारखं ब्रेडेड नको, ब्रेडेडमध्ये सुई गेली की आतले रबर तुटून ते जोडाशीच ढिलं पडतं. मोठ्यांच्या मध्यम केसांना सात-आठ इंच, दाट केसांना नऊ, लहान मुलीला सहा. जोडाशी दीड इंच उसवायचं, नव्या इलास्टिकचं टोक जुन्याच्या टोकाला टाचणीने लावून जुनं ओढत जायचं म्हणजे नवं आपोआप आत येतं, नाहीतर सेफ्टी पिन घालून ओवायचं. टोकं अर्धा इंच एकमेकांवर ठेवून झिगझॅग टीप, गाठ नको, गाठ डोक्याला टोचते. मग कापड बंद करायचं. जमत नसेल तर कुठलीही शिवणारी थोड्या पैशांत करून देईल.

कापडच गेलं असेल तर मात्र अडकून राहू नका. विरून आतलं इलास्टिक दिसतंय, शिवण सुटून दोरे केसांत अडकतात, सॅटिनवर बारीक गोळे आलेत आणि कापडावरून नख फिरवलं तर अडखळतं, धुवून पूर्ण वाळवूनही वास जात नाही, झालं, ती जाऊ द्या. हेअरबँडच्या आतली प्लास्टिकची पट्टी तडकली असेल तर त्याच दिवशी, टोक कापडातून बाहेर येऊन कानामागे टोचतं.

रोगाच्या बाबतीत नियम वेगळा. उवा झाल्या म्हणून सगळा डबा फेकायची गरज नाही, डोक्यावरून उतरलेली ऊ एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाही. सुती असतील त्या ५४-५५ अंशांच्या पाण्यात, म्हणजे हाताला सोसवत नाही एवढ्या गरम, धुवा, इलास्टिक खराब झालं तर नंतर बदलता येईल. धुता न येणारे बो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे बाजूला ठेवा. गजकर्ण डोक्याला झालं असेल तर मी म्हणेन स्वस्तातलं सगळं टाका, डॉक्टरांचं औषध पूर्ण करा आणि मगच नवं आणा, कारण ते कंगवा, टोपी, बँड यांवरून घरातल्या दुसऱ्या मुलाला लागतं. शाळेत मुली एकमेकींचे बँड घालून बघतात, तेवढं मुलीला समजावून सांगा.

राहिला आजीच्या काठाचा हेअरबँड. ताई, तो पाण्यात घालू नका. जुनं रेशीम घडीच्या जागी आधीच कमजोर झालेलं असतं आणि काठातली जरीची तार ओलीने, घामाने, अत्तराने काळी पडते. हेअरस्प्रे, तेल, अत्तर सगळं आधी उरकायचं, बँड सगळ्यात शेवटी चढवायचा, आणि तेल लावलेल्या दिवशी घालायचाच नाही. काढल्यावर आतल्या बाजूने मऊ कोरड्या सुती फडक्याने टिपायचं आणि थोडा वेळ वाऱ्यावर ठेवायचं, उन्हात नाही. ठेवताना प्लास्टिक नको, धुतलेल्या मलमलीत गुंडाळून, पट्टी वाकणार नाही असा, आणि पावसाळ्यात कोरडा दिवस मिळाला की बाहेर काढून हवा दाखवायची.

त्याची आतली बाजू, जी केसांना लागते, तीच सगळ्यात आधी मळते आणि ती आजीच्या साडीची असायची गरज नाही. तिथे पातळ सुती अस्तराची पट्टी हाताने टाके घालून लावून घ्या, मळली की उसवून धुवायची नाहीतर बदलायची. आणि काठ गोंदाने चिकटवलाय का ते बघून घ्या. टाक्यांवर असेल तर पट्टी मोडली तरी काठ सोडवून नव्या पट्टीवर चढवता येईल. गोंदाने असेल तर ओढून काढायला जाऊ नका, रेशीम फाटेल. तसाच राहू द्या, अस्तर तेवढं लावा, आणि साडीचा उरलेला काठ घरात असेल तर तो कापायच्या आधी माझ्याकडे किंवा कुणा शिवणाऱ्या बाईकडे घेऊन जा.